जिवाणूंची वीज : आधी मोजावी, मग सांगावी

सांगोला तालुक्यातील एका गावी शेतकऱ्यांची सभा आटोपल्यावर एक वयस्क शेतकरी मागे थांबले व त्यांनी आपल्या मोबाइलवरील एक चित्र आमच्यापुढे धरले. शेणाने भरलेली एक बादली, तीतून निघालेल्या दोन तारा आणि तारांच्या टोकाशी लुकलुकणारा एक इवलासा दिवा, असे ते चित्र होते. "शेणातल्या किड्यांवर वीज निघती म्हणं. माझ्याकडं चार जनावरं हायती. याच्यावर इहिरीवरची मोटर चालंल का, सायेब?" असा त्यांचा प्रश्न होता.

प्रश्न सरळ होता. परंतु त्यामागे एक निर्णय दडलेला होता. या गृहस्थांच्या अंगणात जुनी गोबर गॅसची टाकी होती. २०१८-१९ च्या दुष्काळात जनावरे चारा छावणीवर गेली, टाकीत शेण पडेनासे झाले, आतील शेणकाला वाळला आणि घुमटास तडे गेले. तेव्हापासून ती बंद होती. डागडुजीसाठी त्यांनी थोडे पैसे बाजूस ठेवले होते. आता ती टाकी फोडावी आणि तेच पैसे या नव्या विजेकडे वळवावे, असे त्यांच्या मनात होते. आम्ही 'हो' म्हटले असते तर टाकी गेली असती. हसून 'नाही' म्हटले असते, तर पुढील वेळी त्यांनी आम्हांस काही विचारलेच नसते.

गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्यास असे प्रश्न वारंवार येतात. म्हणून जिवाणूंच्या विजेचा हा विषय थोडा विस्ताराने मांडीत आहोत.

चित्र खोटे नाही

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जिवाणूंपासून वीज मिळते हे सत्य आहे. १९११ साली इंग्लंडमध्ये डरहॅम विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ एम. सी. पॉटर यांनी किण्व व जिवाणू यांच्या वाढीतून विजेचा क्षीण प्रवाह मिळतो हे प्रयोगाने दाखविले. त्यानंतर कित्येक वर्षे हा विषय प्रयोगशाळेतील कुतूहल म्हणूनच राहिला. १९८७ साली अमेरिकेतील पोटोमॅक नदीच्या गाळात एक जिवाणू सापडला. तो पुढे 'जिओबॅक्टर' या नावाने ओळखला गेला आणि या विद्येस नवी दिशा मिळाली.

या जिवाणूचे वैशिष्ट्य समजण्यास फार शास्त्र लागत नाही. आपण भाकरी खातो व श्वासावाटे प्राणवायू घेतो. अन्नातून निघालेले विजेचे सूक्ष्म कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, शेवटी त्या प्राणवायूस जाऊन मिळतात आणि या देवघेवीतून आपणांस शक्ती लाभते. जिवाणूंचेही असेच आहे. मात्र तळ्याच्या गाळात किंवा शेणाच्या राशीच्या पोटात प्राणवायू पोहोचत नाही. तेथील काही जिवाणू आपले इलेक्ट्रॉन शरीराबाहेर काढून मातीतील लोहाच्या गंजास देतात. गंजाऐवजी त्यांच्याजवळ ग्राफाइटचा तुकडा ठेवला, तर ते त्यासही देतात. तो तुकडा तारेने वर, हवेच्या सान्निध्यात ठेवलेल्या दुसऱ्या तुकड्यास जोडला की इलेक्ट्रॉन तारेतून वर जातात आणि तेथे प्राणवायूशी मिळून पाणी तयार होते. तारेतून जे वाहते तीच वीज. या रचनेस आपण 'जिवाणूंचा विद्युतघट' म्हणू.

जिओबॅक्टरसारखे जिवाणू पाण्याखालच्या गाळात ठिकठिकाणी आढळतात. सांगोल्याच्या एखाद्या तलावाचा किंवा माण नदीच्या डोहातील काळा गाळ बरणीत भरला, तरी हा प्रयोग करता येईल. तेव्हा मोबाइलवरील चित्र पाहून कोणी आपल्याकडे आला, तर 'हे थोतांड आहे' असे म्हणू नये.

वीज किती, हा खरा प्रश्न

'वीज मिळते का?' या प्रश्नापेक्षा 'किती मिळते?' हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. विहिरीस पाणी लागले एवढे ऐकून कोणी ऊस लावीत नाही. मोटर किती तास चालते ते आधी पाहतो. विजेलाही तोच न्याय लावला पाहिजे.

चिखलाच्या साध्या विद्युतघटाचा दाब जोडणी चालू असताना अर्ध्या व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. त्याची शक्ती ग्राफाइटच्या एका चौरस मीटर पृष्ठभागामागे साधारणपणे १० ते ५० मिलिवॅट इतकी भरते. मिलिवॅट म्हणजे वॅटचा हजारावा भाग. प्रयोगशाळेत निवडक खाद्य, उत्तम साहित्य व नियंत्रित उष्णता पुरवून याहून पुष्कळ अधिक, एक-दोन वॅट किंवा त्याहूनही जास्त शक्ती मिळविण्यात आली आहे. परंतु ते अंगणातील बादलीचे आकडे नव्हेत.

आता हिशेब मांडू. चौरस मीटरमागे ३० मिलिवॅट धरले, तर घरातील ९ वॅटचा एक एलईडी दिवा लावण्यास ३०० चौरस मीटर ग्राफाइट लागेल, म्हणजे जवळजवळ ३ गुंठे. तळहाताएवढा तुकडा घातलेल्या बरण्या मांडावयाच्या झाल्यास त्या ३०,००० भरतील. विहिरीवरील ५ अश्वशक्तीच्या मोटरीसाठी तर सुमारे ३० एकर ग्राफाइट अंथरावे लागेल! एवढे रान असलेला शेतकरी आपल्या तालुक्यात मोठा बागायतदार गणला जाईल. आणि त्याचे सारे रान काळ्या कापडाखाली गेल्यावर मोटर कोणत्या पिकासाठी चालवावयाची, हा प्रश्न उरेलच.

याउलट, ५ अश्वशक्तीचा सौर पंप चालविण्यास सुमारे पाच किलोवॅटची पॅनेले लागतात व ती २५ ते ३० चौरस मीटर जागेत मावतात. सांगोल्यास पावसाची वाण आहे, उन्हाची नाही. २०१९ पासून केंद्राची कुसुम योजना आणि २०२४ पासून राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना याच हेतूने राबविण्यात येत आहे. मोटरीचे काम सूर्याचे आहे. ते जिवाणूंच्या गळ्यात बांधू नये.

'पुष्कळ बरण्या एकापुढे एक जोडल्या तर?' असे कोणी विचारील. कोरड्या सेलप्रमाणे हे घट ओळीने जोडता येतात खरे. परंतु सर्व बरण्यांतील जिवाणू सारख्या ताकदीचे नसतात. जोडणीतील एक घट अशक्त पडला, तर त्याचा दाब उलटतो व तो इतरांचीच शक्ती खाऊ लागतो. जोतातील एक बैल बसला म्हणजे दुसऱ्याने कितीही ओढले तरी औत चालत नाही, तशातला हा प्रकार होय.

मग या विद्येचा उपयोग काय?

यावरून ही विद्या निरुपयोगी आहे असे मात्र कोणी समजू नये. थोडी वीज पुष्कळ दिवस हवी आणि माणसाचे जाणे-येणे शक्य नाही, अशा ठिकाणी ती उपयोगी पडते. अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या कामात, पाण्याच्या तळातील गाळात असे घट पुरून हवामान नोंदविणारे तरंगते यंत्र त्यांवर चालविले. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील संशोधकांनी मानवी मूत्रावर चालणारे घट तयार केले आणि २०१७ साली युगांडातील किसोरो येथील मुलींच्या एका शाळेत त्यांवर शौचालयातील दिवे लावून दाखविले. अंधारात शौचालयास जावे लागणाऱ्या मुलींना त्या मंद उजेडाची किंमत किती, हे खेड्यात राहणाऱ्यास सांगावयास नको.

दुसरा उपयोग याहून मोठा ठरण्याचा संभव आहे. दूधप्रक्रिया केंद्र, साखर कारखाना किंवा नगरपालिका यांचे घाण पाणी शुद्ध करताना त्यात हवा मिसळावी लागते व त्यासाठी बरीच वीज खर्च होते. हे जिवाणू घाणीतील सेंद्रिय अंश खातात, त्यांना हवा मिसळावी लागत नाही आणि उलट थोडी वीज परत देतात. वीज विकून नव्हे, तर वीज वाचवून हे तंत्र आपला खर्च भरून काढील, अशी संशोधकांची अपेक्षा आहे. हा कारखान्यांचा व संशोधन संस्थांचा विषय आहे. चार जनावरांच्या शेतकऱ्याने यात आज पैसे घालावे, असे आमचे मत नाही.

तेच शेण, दुसरे सूक्ष्मजीव

आता त्या बंद टाकीकडे वळू. शेणात केवळ वीज देणारेच जिवाणू असतात असे नाही. हवाबंद टाकीत निरनिराळे सूक्ष्मजीव एकामागून एक काम करतात. काही शेणातील तंतू फोडतात, काही त्याचे आम्लात रूपांतर करतात आणि शेवटी मिथेन करणारे सूक्ष्मजीव ज्वलनशील वायू निर्माण करतात. या शेवटच्या सूक्ष्मजीवांना शास्त्रज्ञ आज जिवाणूंहून वेगळ्या कुळात गणतात. विद्युतघटात आणि गोबर गॅसच्या टाकीत कच्चा माल एकच असतो. एका ठिकाणी अन्नातील शक्ती तारेतून बाहेर येते, दुसऱ्या ठिकाणी ती वायूच्या रूपाने साठते. त्यांपैकी शेतकऱ्याच्या पदरात जास्त काय पडते, एवढेच पाहावयाचे.

एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर वायू मिळतो. चार-पाच मोठ्या जनावरांचे रोजचे ५० किलो शेण दोन घनमीटरच्या टाकीत पडले, तर रोज सुमारे दोन घनमीटर वायू मिळेल. एक घनमीटर वायू सुमारे ०.४३ किलो स्वयंपाकाच्या गॅसइतके काम देतो. या हिशेबाने टाकी पूर्ण भरणावर चालली, तर १४.२ किलोचा एक सिलिंडर सोळा-सतरा दिवसांत वाचतो. याच वायूवर इंजिन चालवून वीजही करता येते. एका घनमीटरमागे सुमारे दीड युनिट वीज मिळते, म्हणजे दोन घनमीटरमागे रोज तीन युनिट. बरणीतून मिळणाऱ्या मिलिवॅटांशी याची तुलनाच होऊ शकत नाही.

तरीही चार जनावरांच्या घरी इंजिन घेण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. वायू चुलीवरच वापरावा. इंजिनाची किंमत, तेल व दुरुस्ती यांचा भार तीन युनिटांवर पेलत नाही. जेथे शंभर जनावरे एका ठिकाणी बांधली जातात अशी गोशाळा किंवा मोठा गोठा असेल, तेथे रोज सुमारे ४० घनमीटर वायू व त्यापासून ६० युनिटांच्या आसपास वीज मिळू शकते. तेथे इंजिनाचा विचार अवश्य करावा. मात्र वायू लोखंडाच्या किसातून गाळून घ्यावा. नाहीतर त्यातील गंधकयुक्त वायू इंजिनाचे भाग खातो.

महाराष्ट्राची पूर्वपरंपरा

हे काम आपणांस नवे नाही. मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरुग्णांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून वायू निर्माण करण्यात आला आणि पुढे त्यावर इंजिन चालविल्याचीही नोंद आहे. कोकणात आप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीजवळील गोपुरी आश्रमात शौचालय, खत व गोबर गॅस यांची सांगड घालण्याचे प्रयोग केले. देहू येथे डॉ. सुहास मापुस्कर यांनी शौचालयास जोडलेल्या वायुसंयंत्राचा आयुष्यभर प्रसार केला. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. पुण्याच्या 'आरती' या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी स्वयंपाकघरातील पिष्टमय खरकट्यावर चालणारी लहान टाकी तयार केली व त्या कामास २००६ साली ॲश्डेन पारितोषिक मिळाले.

या सर्वांच्या कामात एक समान सूत्र दिसते. त्यांनी वायू निर्माण करून दाखविला आणि ते तेथेच थांबले नाहीत. तो कोणाच्या घरी, कोणत्या कामासाठी व किती दिवस टिकेल याचा विचार त्यांनी केला. आपणही नव्या विद्येकडे याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

टाक्या बंद का पडतात?

येथे आम्ही स्वतःकडेही बोट दाखवू इच्छितो. अनेक गावांत गोबर गॅसच्या टाक्या बंद पडलेल्या दिसतात. कोठे त्यात दगडगोटे पडले आहेत, कोठे कडबा रचला आहे. शेतकरी आळशी आहेत म्हणून असे झाले, असे म्हणणे सोपे आहे. परंतु ते न्यायाचे नाही. टाकी बांधण्याच्या दिवशी आपण हजर असतो. अनुदानाचा कागद पुरा झाल्यावर आपण तिकडे फिरकत नाही. टाकी हे जित्राब आहे, त्यास रोज चारापाणी लागते, ही गोष्ट आपण पुरेशा स्पष्टपणे सांगितली नाही.

सांगोल्यासारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात तर हे दुप्पट खरे आहे. ५० किलो शेणात तितकेच पाणी कालवावे लागते. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या बाईस 'रोज ५० लिटर पाणी टाकीत ओता' असे सांगण्यापूर्वी आपण दोनदा विचार केला पाहिजे. सुदैवाने हे पाणी नाहीसे होत नाही. ते स्लरीच्या रूपाने निर्गमकुंडीतून बाहेर येते आणि डाळिंबाच्या आळ्यात घालता येते. म्हणजे झाडास द्यावयाचे पाणी आधी टाकीतून फिरवून आणले, एवढाच फरक. गोठा धुतलेले पाणीही चालते. मात्र त्यात साबण, फिनेल किंवा कीटकनाशक असता कामा नये. ज्या घरी झाडासही पाणी उरत नाही, त्या घरी टाकीचा आग्रह धरू नये.

शेण गोवऱ्या थापून जाळले म्हणजे त्यातील नत्र धुरावाटे निघून जाते. टाकीतून काढलेल्या स्लरीत ते बव्हंशी शिल्लक राहते. माणदेशातील मुरमाड जमिनीस सेंद्रिय खताची किती गरज आहे, हे डाळिंब लावणाऱ्यास ठाऊक आहे. तेव्हा घरात वायू व रानात खत, असा दुहेरी लाभ पाहूनच टाकीचे मोल ठरवावे.

दुष्काळात जनावरे छावणीवर गेली म्हणजे काय करावे, हाही प्रश्न आहे. घरी एखादे जनावर मागे राहिले असेल, तर त्याचे शेण थोडे थोडे का होईना, टाकीत पडू द्यावे. किडलेले धान्य, शिळी भाकरी किंवा सडलेली फळे अगदी बेताने घालता येतील. एकदम जास्त घातल्यास आत आम्ल वाढते व वायू बंद पडतो. डाळिंबाची साल घालू नये; तिच्यातील तुरट द्रव्य मिथेन करणाऱ्या सूक्ष्मजीवांस मानवत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे टाकी कोरडी पडू देऊ नये. घुमट वाळला की त्यास तडे जातात.

दुरुस्तीपूर्वी एक सक्त सूचना

बंद टाकीत कोणीही घाईने उतरू नये. वर्षानुवर्षे बंद असलेल्या टाकीत विषारी वायू साठलेला असू शकतो आणि तो क्षणात माणसाचा प्राण घेतो. दोन्ही कुंड्या व वरचे तोंड अनेक दिवस उघडे ठेवावे, आतील माल शक्यतो बाहेरूनच काढावा व हवा खेळवावी. उतरणे अपरिहार्य असेल तर अनुभवी गवंड्यानेच कमरेस दोर बांधून उतरावे आणि दोन माणसांनी वर उभे राहावे. उजेडासाठी काडी पेटवू नये. बिडी तर नकोच. आत पडलेल्या माणसास वाचविण्यासाठी दुसऱ्याने तशीच उडी घेऊ नये. एकामागे एक दोघे-तिघे गेल्याच्या दुःखद घटना याच चुकीमुळे घडतात.

शाळेत करावयाचा प्रयोग

जिवाणूंच्या विजेचे कुतूहल असलेल्या गावकऱ्यांना उपदेश करण्यापेक्षा प्रयोग दाखवावा. शाळेतील शिक्षकांच्या साहाय्याने तो सहज करता येतो. सारख्या आकाराच्या दोन काचेच्या बरण्या घ्याव्या. तलावातील काळा, वासाचा गाळ आणावा. त्यातील अर्धा गाळ चांगला उकळून थंड करावा. एका बरणीत साधा व दुसरीत उकळलेला गाळ भरावा. प्रत्येक बरणीत ग्राफाइटचा एक तुकडा चार बोटे खोल पुरावा, वर थोडे पाणी ठेवावे व दुसरा तुकडा पाण्याच्या पृष्ठाशी, हवेस लागून राहील असा बसवावा. दोन्ही तुकड्यांच्या तारा एक हजार ओहमच्या रोधकाने जोडाव्या आणि दोन-तीन आठवडे रोज मापकावर दाब मोजून वहीत लिहावा.

सुरुवातीच्या दिवसांत साध्या गाळाच्या बरणीतील आकडा हळूहळू चढेल. उकळलेल्या गाळातील जिवाणू बहुतेक मेलेले असल्याने ती बरणी मागे राहील. काही दिवसांनी तीतही बाहेरून आलेले वा तग धरून राहिलेले जिवाणू वाढू शकतात. म्हणून पहिल्या आठवड्यांच्या नोंदी विशेष पाहाव्या. वीज कोण करीत आहे, हे मुलांस यावरून न सांगता कळेल.

यात एक खबरदारी घ्यावी. ग्राफाइटऐवजी जस्ताची पट्टी, लोखंडी खिळा किंवा तांब्याचा पत्रा चिखलात पुरू नये. धातूच झिजून वीज देतो व दिवा चटकन लागतो. त्यात जिवाणूंचा काही पराक्रम नसतो. जस्त संपले की दिवा विझतो. 'शेणावर दिवा लावून दाखवितो' असे कोणी म्हणाल्यास, त्याच्या बादलीत कोणता धातू पुरला आहे ते आधी बाहेर काढून पाहावे. पुष्कळ चमत्कारांचा उलगडा तेथेच होतो.

कार्यकर्त्यांस विनंती

नव्या साधनाची माहिती आली की गावपातळीवरील कार्यकर्त्याने तीन प्रश्न विचारावेत. पहिला, हे साधन दिवसाकाठी किती युनिट देईल? व्होल्टचा आकडा सांगितल्यास समाधान मानू नये; युनिट विचारावे. दुसरा, ते काय खाईल व किती पाणी पिईल? तिसरा, शंभराव्या दिवशी ते बिघडले तर गावातील कोण ते दुरुस्त करील? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत शेतकऱ्याच्या पैशाबद्दल शब्द देऊ नये. आपला शब्द हेच आपले भांडवल आहे. डाळिंबावरील तेल्या व मर या रोगांनी पोळलेल्या आणि दुष्काळाने वारंवार उठविलेल्या शेतकऱ्यापुढे फसलेली आशा ठेवणे, हा त्याच्यावर आणखी एक दुष्काळ लादण्यासारखे आहे.

त्याचबरोबर नवे ते सारे हसण्यावारी नेण्याची सवयही सोडली पाहिजे. ज्या शेतकऱ्याने आम्हांस ते चित्र दाखविले, त्याच्या प्रश्नात शास्त्राची जिज्ञासा होती. आम्ही त्यांच्या ओट्यावर बसून खडूने वरील हिशेब मांडला. ३० एकरांचा आकडा ऐकून ते प्रथम हसले, मग गंभीर झाले आणि म्हणाले, "म्हंजे जिवाणू खोटं न्हाईत, पर मोटर त्यांची न्हवं." एवढ्या मोजक्या शब्दांत हा विषय आम्हांस मांडता आला नसता. त्यानंतर आम्ही उठून टाकीपाशी गेलो आणि घुमटाचे तडे मोजले. गवंडी कोण मिळेल, शेजारच्या चालू टाकीतील स्लरी विरजण म्हणून किती लागेल व उन्हाळ्यात पाणी कोठून आणावयाचे, याचा विचार त्यांच्या घरातील बायकांसह केला. पाण्याचा प्रश्न त्यांच्या सुनेने सोडविला : गोठ्याचे धुणे मोरीतून वाया जाते, ते चर काढून टाकीच्या कुंडीकडे वळवावे, असे तिने सुचविले. टाकी फोडण्याचा विचार त्या दिवशी मागे पडला.

तेव्हा, ग्रामकार्यकर्ते बंधुभगिनींनो, आपल्या हद्दीत किती टाक्या बंद आहेत याची यादी येत्या महिन्यात करावी. प्रत्येकीपुढे बंद पडण्याचे कारण लिहावे. 'शेतकऱ्याची अनास्था' हे कारण लिहिण्यापूर्वी त्या घरच्या चुलीपाशी बसून चौकशी करावी. आणि आपल्या शाळेत गाळाच्या दोन बरण्या अवश्य मांडाव्या. बरणीजवळ बसून आकडे लिहिणाऱ्या मुलांपैकी कोणी उद्या या विजेचा मिलिवॅटचा वॅट करून दाखवील. तोपर्यंत मोटर सूर्यावर चालवावी, चूल गोबर गॅसवर पेटवावी आणि रानास स्लरी द्यावी.